मदत हवी आहे: सव्वा लाखाच्या केबलींनी खरंच फरक पडतो का, हे घरी कसं तपासायचं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

जरा घाईत लिहितोय, कारण अप्पा सोमवारी एफडी मोडायला बँकेत जायचं म्हणतात.

अप्पा ६८ वर्षांचे. भीमसेनजी आणि कुमारजी ऐकणं हा त्यांचा एकच शौक. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः हिंडून, ऐकून ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि दोन बुकशेल्फ स्पीकर घेतले. उत्तम आहेत, आजही त्याबद्दल तक्रार नाही. आता पुण्यातल्या एका दुकानदाराने त्यांना पटवलंय की खरी कमतरता तारांमध्ये आहे. स्पीकर केबल ८५,०००, ॲम्पची पॉवर कॉर्ड ४२,०००, आणि केबल फरशीला टेकू नये म्हणून लाकडी ठोकळे ९,०००. एकूण १,३६,०००.

मी सोबत गेलो होतो. आधी साध्या केबलवर दोन मिनिटं आलाप ऐकवला, मग केबल बदलली. अप्पांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तंबोऱ्याची तार बघ कशी सुटी ऐकू येतीय." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ॲम्पवरचा व्हॉल्यूमचा आकडा मी दोन्ही वेळा बघितला होता. आधी ३२, नंतर ३५. विचारलं तर म्हणाला, म्यूट करताना हललं असेल. परत ३२ वर आणून ऐकवा म्हटलं, तर तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं.

आवाज थोडासाच वाढवला तर तो मोठा झालाय हे कानाला कळत नाही, जास्त स्पष्ट झालाय असं वाटतं. अप्पांचा कान खोटा नाही. त्यांना जे ऐकू आलं ते आलंच होतं, फक्त ते केबलमुळे नव्हतं, असं माझं मत आहे.

घरी सध्या नवी पेठेतून मीटरवर आणलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. प्रत्येक स्पीकरला ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर. तिचा रोध साधारण ०.०५५ ओहम येतो. स्पीकर ८ ओहमचे, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. यात महागडी केबल आणखी काय सुधारणार? पॉवर कॉर्डचं तर मला अजिबात कळत नाही. वीज खांबावरून ॲल्युमिनियमच्या तारेनं येते, मग मीटर, मग भिंतीतली जुनी वायरिंग. हे सगळं तसंच ठेवून शेवटचा दीड मीटर बदलला तर गाणं कसं बदलेल?

२००७ मध्ये अमेरिकेत जेम्स रँडी या, चमत्कारांचे दावे तपासणाऱ्या जादूगाराने ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलचा फरक न बघता, नुसत्या कानांनी ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी शेवटी झालीच नाही. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यांना आपलं गाणं कुठं कळतं?" म्हणून घरातच, त्यांच्याच आवडीच्या यमनवर करून बघायचंय. दुकानदार अनामत घेऊन दोन दिवसांसाठी केबल द्यायला तयार आहे.

माझा बेत असा: ॲम्प पडद्याआड, व्हॉल्यूमला कोणी हात लावायचा नाही. दहा वेळा ऐकवायचं, प्रत्येक वेळी कोणती केबल ते नाणं उडवून ठरवायचं, अप्पांनी कागदावर लिहायचं. दहापैकी पाच तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येतील. नऊ किंवा दहा बरोबर आले, तर मी स्वतः पैसे घालीन, कारण नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे.

अडचण अशी की केबल बदलायला दोनेक मिनिटं जातात, तेवढ्यात आधीचा आवाज लक्षात राहतो का? दोन्ही केबली एकदम जोडून बटणाने बदलायची सोय घरी करता येईल का? आणि बदलणारा मीच असलो तर अप्पा माझ्या चेहऱ्यावरून ओळखतील, इतकी वर्षं ओळखतातच. आईला बसवावं का?

दुसरं, हॉलचं. खाली शहाबादी फरशी, एका बाजूला मोठी काच, स्पीकरच्या मागे मोकळी भिंत. टाळी वाजवली की टणटणतं. आईने कपाटातली सोलापुरी चादर भिंतीवर टांगून बघितली. तिखटपणा थोडा कमी झाला, पण खालचा घुमारा तसाच. पातळ कापडाने तो जायचाही नाही. इथं आवाज शोषणाऱ्या जाड रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनल बसवायचे तर सुतारालाच सांगावं लागेल. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे कोणी असं काम करून घेतलंय का? किती इंच जाडी घेतली, कुठं लावले? आवाज मोजायचा मायक्रोफोन कोणाकडे असेल तर एका संध्याकाळीपुरता मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अप्पांना खोटं पाडायचं नाहीये. आयुष्यभर स्वतःसाठी काही न घेतलेला माणूस आहे, पैसे गाण्यावर खर्च झाले तर मला आनंदच आहे. घरात कोणी अशी चाचणी केली असेल तर विषय कसा काढला, तेवढं सांगा. शनिवारी केबल आणायला जायचंय.