पहिली २०० किमीची बीआरएम करू की रिले टीममध्ये जाऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात राहते, हायब्रिड सायकल आहे. रविवारी कात्रजमार्गे खेड शिवापूर, अंगात जोर असला तर खंबाटकी चढून परत. आता लांब पल्ल्याचं काहीतरी करायची फार इच्छा आहे, पण नक्की काय ते ठरत नाहीये. ग्रुपमधले बरेच जण बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, कर म्हणतात. एक मैत्रीण डेक्कन क्लिफहँगरच्या, म्हणजे पुणे-गोवा ६४३ किमीच्या रिले टीममध्ये ओढतेय. टूर ऑफ नीलगिरीजसारखी रोज मुक्काम करत जाणारी राइडही खुणावते, पण तेवढी रजा मिळणार नाही. मला नंबर काढायचा नाहीये, स्वतःच्या जोरावर किती लांब जाता येतं ते बघायचंय.

सपाटीला वीसचा स्पीड पडतो, घाटात बराच कमी. २०० वेळेत होईल का? नवरा गाडी घेऊन मागे येतो म्हणतोय, ते चालतं का?

प्रतिसाद

ताई, तुम्हाला जे बघायचंय त्याला बीआरएमच योग्य. तिथे नंबर नसतोच, दिलेल्या वेळेत पोचलं की झालं. २०० साठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७, ६०० साठी ४०. एकाच सीझनमध्ये हे चारही केले की 'सुपर रँडोनर' हा किताब.

वीसचा स्पीड पुरेसा आहे, पण घड्याळ चहालाही थांबत नाही. कंट्रोल, म्हणजे वाटेतले कार्डावर शिक्का घ्यायचे थांबे, ताशी १५ किमीच्या हिशोबाने बंद होतात. सकाळी सहाला निघालात तर १०० किमीचा कंट्रोल १२:४० ला बंद. वेळ जाते ती घाटात कमी, हॉटेलात जास्त, हे मी कित्येकांचं बघितलंय. इडली खा, बाटल्या भरा, कार्डावर शिक्का घ्या आणि निघा.

गाडी मागे ठेवता येत नाही. मदत घ्यायची ती फक्त कंट्रोलवर, मधे कुठे घेतलीत तर बाद करू शकतात. म्हणून पंक्चर स्वतः काढायला आधी शिका, मागच्या चाकाचं सुद्धा. दोन ट्यूब आणि पंप जवळ ठेवा. हायब्रिड बिनधास्त चालेल.

क्लिफहँगर ही शर्यत आहे. तिथे क्रू, गाडी, खर्च सगळंच वाढतं, शिवाय रिलेत पल्ला वाटून घ्यायचा असतो. तो आनंद वेगळा, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळणार नाही.

हिवाळ्यातली २०० धरा. शेवटचा टप्पा अंधारात येऊ शकतो, तेव्हा पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवंच. मार्ग कळला की इथे टाका, चढ कुठे आहेत ते सांगतो.