वेबकॅम खराब आहे की सेटिंग? आईचा तानपुरा पलीकडे ऐकूच जात नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी आई नारायण पेठेत घरीच गाणं शिकवते. निम्मे विद्यार्थी आता परगावी असतात, त्यांचा वर्ग झूमवर. तिच्यासाठी मागच्या आठवड्यात तापकीर गल्लीतून १०८०पीचा वेबकॅम आणला. दुकानात चित्र स्वच्छ दिसलं, आवाज मी तपासलाच नाही. बदलून घ्यायची मुदत परवा संपते, म्हणून घाईने विचारतेय.

चित्र सकाळी ठीक असतं. संध्याकाळी मात्र चेहरा कणीदार दिसतो, ताल देताना हात पुसट होतो आणि भिंतीवरून फिकट आडवे पट्टे सरकतात. हे एक वेळ चालवून घेऊ.

आवाजाचं तसं नाही. आई बोलते ते लख्ख ऐकू जातं, पण तानपुरा काही सेकंदांत नाहीसा होतो. तिने षड्ज लांबवला की तोही बुडतो, मग एकदम वर येतो. नागपूरची विद्यार्थिनी परवा म्हणाली, "ताई, तुम्ही सूर कुठे सोडलात तेच कळलं नाही." आईने त्या दिवशी वर्ग लवकर संपवला. आपलाच सूर आता टिकत नाही असं तिला वाटायला लागलंय आणि मला ते बघवत नाही.

नेटचा वेग पुरेसा आहे, यूएसबीचं पोर्टही बदलून झालं. दोष कॅमेऱ्याचा की आणखी कशाचा, हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

कोथरूडकर :

ताई, आधी झूम बाजूला ठेवा. विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये रेकॉर्ड करा: दहा सेकंद शांतता, मग नुसता तानपुरा, मग आईंचा लांब षड्ज, शेवटी कॅमेऱ्यासमोर एक टाळी. हेडफोन लावून ऐका. शांततेत खरखर किती आहे आणि टाळी दिसते तेव्हाच ऐकू येते का, हे लगेच कळेल.

तिथे तानपुरा टिकला तर कॅमेरा निर्दोष. झूमचं नॉइज सप्रेशन बोलणं राखतं आणि एकसारखा चालणारा आवाज पंख्यासारखा समजून काढून टाकतं, त्यात तानपुरा सापडतो. ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा आणि मीटिंगमध्येही ते चालू आहे ना, ते बघा.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्‌झ, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ६० हर्ट्‌झवर असेल तर पट्टे दिसतात. फ्लिकर रिडक्शन ५० वर ठेवा. हात पुसट होतो तो उजेड कमी म्हणून. एका फ्रेमला १/१५ सेकंद लागला तर सेकंदाला ३० फ्रेम निघणार कशा? दिवा समोर ठेवा, पाठीमागे नको. १०८०पी म्हणजे फक्त १९२० गुणिले १०८० ठिपके, अंधारात सेन्सर कसा वागेल हे त्यावरून कळत नाही.

धागाकर्ती :

मनापासून आभार. रात्रीच करून पाहिलं. रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे! आईला ऐकवलं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पंचम जरा उतरलाय." तार जुळवून मगच जेवायला बसली. पट्टेही गेले. टेबल लॅम्प समोर आणल्यावर चेहरा बराच स्वच्छ आला, त्यामुळे कॅमेरा परत करत नाही.

आता एक अडचण उरलीय. ओरिजिनल साउंडमधलं एको कॅन्सलेशनही बंद केलं की सूर सगळ्यांत मोकळा जातो, पण मग स्पीकरमधून आलेला मुलींचा आवाज त्यांनाच परत ऐकू येतो. हेडफोन लावला तर दोन्ही कान झाकतात आणि आईला स्वतःचा सूर नीट कळत नाही. एकाच कानात इयरफोन घालून कुणी गाणं शिकवतं का? आणि तो कोणत्या कानात ठेवता?