एआयने वडिलांच्या एक्स-रेला ०.७१ दिलेत, म्हणजे टीबी आहे का? लवकर सांगा

पाथर्डी_फाटा
काल सातपूरच्या शिबिरात वडिलांचा छातीचा एक्स-रे काढला. मशीन हातात मावेल एवढं, पाच मिनिटांत काम झालं. कागदावर उजवीकडे वरच्या बाजूला लाल-पिवळा डाग आणि खाली '०.७१ संशयित'. डॉक्टर जेवायला गेलेले. तिथली मुलगी म्हणाली, कॉम्प्युटरने वाचलंय, थुंकी तपासून घ्या. म्हणजे ७१ टक्के टीबी का? आईने ताट-वाटी कालच वेगळी केलीय. 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं.

शिंगाडा_तलाव
वय? खोकला किती दिवसांचा? वजन, ताप, शुगर? काहीच लिहिलं नाहीत. इथे कुणी पोपट घेऊन बसलेलं नाही.

पाथर्डी_फाटा
६६. खोकला आहे, पण तो त्यांना कायमच असतो. शुगरची गोळी चालू. ७१ टक्के का, ते सांगा ना.

आयटीतला_नाना
सोपं आहे. फिल्म खिडकीच्या काचेला लावा, फोटो काढा, चॅटजीपीटीला टाका. मेव्हण्याचा एमआरआय रिपोर्ट त्याने असा समजावला की घरात सगळे गप्प.

डार्करूमवाला
नाना, रिपोर्टमधला मजकूर सोपा करून घेणं वेगळं आणि फिल्म वाचायला लावणं वेगळं. खिडकीवरच्या फोटोत पलीकडच्या गच्चीवरची टाकीही येते. तिला गाठ म्हणाला तर? बावीस वर्षं एक्स-रे काढतोय, असले फोटो रोज बघतो.

पाथर्डीकर, शिबिरातलं सॉफ्टवेअर छातीचे एक्स-रे वाचायलाच बनवलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि पुढच्यांसाठी अशा वाचनाला हिरवा कंदील दिला, पण तो चाळणी लावण्यापुरता, म्हणजे पुढे कुणाला तपासायचं ते निवडण्यापुरता. टीबी आहे की नाही ते थुंकीतूनच पक्कं करायचं. आणि ०.७१ ही टक्केवारी नव्हे. कितीच्या वर 'संशयित' म्हणायचं ती रेघ कार्यक्रम चालवणारे आखतात. खाली आखली तर आजारी माणूस सहसा सुटत नाही, पण धडधाकट माणसंही अडकतात. तीच फिल्म दुसऱ्या सॉफ्टवेअरला दिली तर आकडा वेगळा येईल.

वडिलांना आधी कधी टीबी झाला होता का?

आयटीतला_नाना
डॉक्टर चुकत नाहीत का मग? माझ्या काकांचा निमोनिया दोघांनी ओळखला नाही.

गंगापूर_रोडची_मावशी
चुकतात की. पण त्यांना जाब विचारता येतो. आणि नाना, फिल्मच्या कोपऱ्यात नाव-वय छापलेलं असतं, ते तरी झाकायला सांगा लोकांना.

मधुमेही_मित्र
शुगर आहे ना? मग डोळ्यांचा पडदा तपासा! २०१६ मध्ये गुगलने अरविंद आणि शंकर नेत्रालयाचे फोटो वापरून पडदा वाचणारा एआय केला होता. पुढे थायलंडच्या दवाखान्यांत खोलीतला उजेड बरोबर नसला की तो फोटोच नाकारायचा.

शिंगाडा_तलाव
डोळ्यांचं विचारलंय कुणी?

तपोवन_वासी
हे सगळं सिंहस्थाच्या तयारीत येणारच. २०१५ ला नाशिक-त्र्यंबकच्या दवाखान्यांत रुग्णांची नोंद टॅबवर घेतली होती. रस्त्यांचं मात्र विचारू नका. नाशिकच्या द्वारका चौकात काल पाऊण तास उभा होतो.

पाथर्डी_फाटा
धागा भरकटवू नका. हो, १९९४ ला झाला होता टीबी. कोर्स पूर्ण केला, बरे झाले. त्याचा आता काय संबंध?

डार्करूमवाला
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण फुप्फुसात राहतो, बहुतेक वेळा वरच्याच भागात. जुना व्रण आणि नवा आजार यांत कॉम्प्युटरची गफलत होते. म्हणून जुनी फिल्म शेजारी ठेवून बघावी लागते. पण व्रणच असेल असं धरून घरी बसू नका. पुन्हा होतोही, आणि शुगर असली की धोका वाढतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करा, म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू आहेत का ते मशीनवर बघणारी तपासणी; सरकारी दवाखान्यात फुकट आहे. 'आधी टीबीची औषधं घेतलीत' हे तिथे आवर्जून सांगा. ताट-वाटी परत एकत्र करा, टीबी हवेतून पसरतो, वाटीतून नाही. रिपोर्ट येईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडाला रुमाल.

पाथर्डी_फाटा
पत्र्याच्या पेटीत २०११ ची फिल्म सापडली, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळची. त्यातही उजवीकडे वर पांढुरकं काहीतरी आहे. दोन्ही घेऊन आज जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, जुनंच वाटतंय, तरी थुंकी द्याच. डबी दिली, बाबांनी तिथेच थुंकून दिली, तर परत केली.

डार्करूमवाला
ती लाळ. सकाळी उठल्याउठल्या, पाण्याने चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायला लावा आणि मग खोकून छातीतून आलेला बेडका. घट्ट हवा. मोकळ्या हवेत, गच्चीवर वगैरे. झाकण पक्कं लावा.

आयटीतला_नाना
२०११ ची फिल्म बघितली कशी? खिडकीला लावून ना?

पाथर्डी_फाटा
हो. टाकी दिसली. उद्या पहाटे बाबांना गच्चीवर नेतोय.

मधुमेही_मित्र
आणि डोळे?