फिनलंडच्या खेड्यातली कॉफी: बाईचा विसावा की वाढीव काम?

माजघर:
जुन्या फिनिश खेड्यातल्या कॉफीबद्दल लिहिताना सगळे हळवे होतात. मला त्यात बाईची दमणूक दिसते. एकोणिसाव्या शतकात कॉफी शेतकऱ्याच्या घरात रुळली, आणि हिरव्या बिया भाजणं, हातगिरणीत दळणं, किटलीत उकळणं हे सगळं तिच्याच माथी आलं. गाळ खाली बसावा म्हणून वाळवलेल्या माशाच्या कातडीचा तुकडाही तीच टाकणार. शिवाय वेलदोडा घातलेला गोड पाव, पुल्ला. मोठ्या कार्याला तर सात तऱ्हांचं गोडधोड मांडायची रीत! आदरातिथ्याचं कौतुक बसून पिणाऱ्यांनी करावं.

उत्तरवारा:
आणि आधी काय होतं? घरोघरी दारू गाळली जायची. त्यावर 1866 मध्ये बंदी आली. दारूपेक्षा किटली परवडली की! शिवाय शेजारणींना कामं टाकून एकत्र बसायला कॉफी हे चारचौघांत चालणारं निमित्त होतं. गरिबांनी कॉफी पिणं म्हणजे उधळपट्टी, असं शहाणी माणसं सुनवत. तरी बायकांनी सोडली नाही.

माजघर:
उधळपट्टी नसेल, पण कॉफी आणि साखर दोन्ही विकतच. म्हणून तर खडा दातात धरून बशीतून कॉफी प्यायची, साखर पुरवायला. उरलेल्या गाळात पुन्हा पाणी घालून उकळायचं. ती काटकसर कोण सांभाळत होतं?

बशीभर:
दोघेही युद्धकाळ विसरलात. 1939 च्या शरदात कॉफीवर रेशन आलं, ते पुरतं उठलं 1954 मध्ये. मधल्या काळात राय नावाचं धान्य, बार्ली, चिकोरी भाजून 'कोर्विके', म्हणजे बदली कॉफी, प्यायचे. त्यात कॉफीचा अंश असला तर नशीब. 1946 मध्ये खरी कॉफी घेऊन 'हेराक्लेस' जहाज तुर्कू बंदराला लागलं, तेव्हा देशभर आनंद झाला. नुसतं ओझं असतं, तर बायकांनी राय भाजून कॉफीची नक्कल कशाला केली असती?

माजघर:
कारण दारात माणूस आला की किटली चढलीच पाहिजे, हा धाक होता. पाउलिग या फिनिश कॉफी कंपनीने 1904 मध्ये कारखान्यात कॉफी भाजायला सुरुवात केली, तरी खेड्यांत पुढे कित्येक वर्षं बिया घरीच भाजल्या जात. बाईच्या मजुरीला दाम नव्हता ना!

उत्तरवारा:
किंवा ताज्या भाजलेल्या कॉफीची चव तिलाही हवी असेल. तिला जीभ होती, हे तुम्ही धरतच नाही.