चालण्याचा एक दिवस : वारी, गड, फेरी, कुठलाही. तुमचा अनुभव सांगा

सातपूरकरीण
आज सकाळी मुलाला रिक्षात बसवून परत येत होते तर त्र्यंबक रोडने दिंडी चाललेली. परवा पौष वद्य एकादशी, निवृत्तिनाथांची यात्रा. थंडी इतकी की माझे हात शालीबाहेर निघेनात. एक आजी डोक्यावर तुळस घेऊन चालत होत्या, टाचेला चिंधी बांधलेली. ती चिंधी बघितली आणि मला एकदम खंबाळे आठवलं.

माझी आत्या दरवर्षी ज्येष्ठात निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला जायची. पंचवीस-सव्वीस दिवस चालायचं. माझी बारावी झाली त्या वर्षी म्हणाली, "सगळी वारी राहू दे, एक दिवस चल. लोणारवाडी ते खंबाळे." पहाटे काकड्याला उठलो, टँकरच्या नळाखाली तोंड धुतलं आणि निघालो. सिन्नरकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पाऊस पडलेला नव्हता, झाड शोधावं लागत होतं. दातलीला रिंगण झालं. अश्व धावून गेला की सगळे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात. आत्याने चिमूटभर पदराच्या टोकाला बांधून घेतली, वहिनींसाठी.

खंबाळ्याला पोचेपर्यंत माझ्या अंगठ्याखाली चिंचोक्याएवढा फोड आला होता. बूट नवे होते. राहुटीत रडत बसले होते तर पेठकडची एक बाई आली, आमच्या दिंडीतलीही नव्हती. माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी मागे ओढला, आईच्या वयाची बाई, तिच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा! "गप माउली, हलू नको." सुई दिव्यावर तापवली, दोरा तेलात बुडवला, फोडाच्या या बाजूने घालून त्या बाजूने काढला आणि दोन्हीकडे बोटभर सोडून कापला. म्हणाली, "दोरा राहू दे, पाणी त्याच्यातून निघून जाईल. कातडी सोलू नको."

सकाळी फोड बसलेला होता. तिची दिंडी आधीच निघून गेली होती. नाव विचारलंच नाही मी. आज इतक्या वर्षांनी परत रडू आलं रस्त्यात. तुमचेही सांगा.

गोदाकाठ
वाचून अंगावर काटा आला. माझी आई अजून जाते. 2020 ला पादुका एसटीने गेल्या ना, त्या दिवशी ती दिवसभर घरातल्या घरात टाळ घेऊन फेऱ्या मारत होती. आम्ही कोणी काही बोललो नाही.

पळसेकर
आम्ही चालत नाही, आमच्या गावात मुक्काम असतो. आदल्या दिवसापासून घरोघरी भाकरी थापायचं काम चालतं, पोरं टोपल्या घेऊन गोळा करत फिरतात. लहानपणी माझं काम पाणी ओतायचं. वारकरी हात धुवायला ओंजळ पुढे करतात आणि तुम्हाला, सात वर्षांच्या पोराला, "माउली" म्हणतात. तेव्हा शाळेतही कोणी इतकं मानाने बोलायचं नाही.

खान्देशी भो
आमचं चैत्रातलं. मालेगाव ते सप्तशृंगी गड, देवळा-कळवणवरून. रात्री चालायचं, दिवसा मिळेल त्या सावलीत झोपायचं, कारण चैत्रातलं डांबर तव्यासारखं तापतं. रस्ताभर ताक, उसाचा रस, कलिंगडाच्या फोडी, कोणी पैसे घेत नाही. नांदुरीला पोचलं की वाटतं आलो, आणि मग घाट सुरू होतो 😀 माझा धाकटा भाऊ नांदुरीत बसला तो बसलाच. एका म्हाताऱ्या बाबाने त्याच्या हातात स्वतःच्या काठीचं टोक दिलं, दुसरं टोक स्वतः धरलं आणि गडापर्यंत नेलं. ओढत नव्हते बाबा, नुसतं धरलेलं. पण पोरगं चाललं.

नाईट_ड्यूटी
मी नर्स आहे म्हणून सांगते, रागवू नका. दोऱ्याचा उपाय आमच्या आजीचाही होता, पण शुगर असेल त्यांनी अजिबात करू नका. दोऱ्यातून जंतू आत जातात, जखम भरत नाही. फोड लहान असेल तर फोडूच नये, नुसतं झाकून ठेवावं. मुक्कामाला तंबूत बसते मी दोन वर्षं, पाय बघायला. एका काकांना टाचेत काच गेलेली कळलंच नव्हतं. बधिर झालेले पाय. आपले वडीलधारे चालत असतील तर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे उजेडात बघा, प्लीज.

सातपूरकरीण
@नाईट_ड्यूटी रागवेन कशाला, बरं झालं सांगितलंत. आत्याला शुगर होती शेवटी.

सिडकोवाला
ब्रह्मगिरी फेरी, तिसरा श्रावणी सोमवार. कुशावर्तावर अंघोळ करून मध्यरात्री निघालो, पावसात, अनवाणी. पहिन्याच्या बाजूला चिखल घोट्यापर्यंत. लहान फेरी वीसेक किलोमीटर, पहाटे संपते. मित्राचे वडील आदल्या महिन्यात गेले होते, तो पूर्ण फेरीत एक शब्द बोलला नाही. शेवटी परत कुशावर्ताशी आल्यावर म्हणाला, चहा पाज. बास.

आडगावची ताई
बूट नवे कधीच घालू नयेत हो. महिनाभर आधी घरात वापरायचे. पायाला रात्री खोबरेल तेल, सकाळी कोरडा मोजा.

खान्देशी भो
ताई आमच्याकडे सगळे चपलीवर. तुटली की सुतळी.

आडगावची ताई
सुतळी अंगठ्याच्या बेचक्यात कापते पण. जुन्या सुती साडीची पट्टी बांधा, मऊ असते.

गोदाकाठ
विषयांतर करते. खंबाळ्याच्या पुढे पारेगावच्या रस्त्याला पिठलं-भाकरी मिळायची एका वस्तीवर, आई दरवर्षी त्याच पिठल्याचं सांगते. कोणी खाल्लंय का? लसूण ठेचून वरून कच्चं तेल घालतात म्हणे.

पळसेकर
खाल्लंय! मिरची दगडावर ठेचलेली. अजून देतात का माहीत नाही.

सातपूरकरीण
आत्यासुद्धा सांगायची त्या पिठल्याचं! मी खंबाळ्यालाच परत फिरले ना, बाबा मोटरसायकलवर घ्यायला आले होते. दिंडी पुढे गेली, आत्या वळून हात करत राहिली, मग गर्दीत तिची हिरवी साडी दिसेनाशी झाली.

सिडकोवाला
सातपूरवरून उद्या किती दिंड्या जातील? ऑफिसला सुट्टी आहे, चहा द्यायचा विचार करतोय. गाडीत मोठा थर्मास आहे.

सातपूरकरीण
पहाटे पाचपासून सुरू होतात, आठपर्यंत रांगच. या. मी आल्याचा करून ठेवते, तुम्ही पेले आणा, स्टीलचे. कागदी नको, हात गार असतात त्यांचे, पेला धरून ठेवायला बरा वाटतो.

नाईट_ड्यूटी
माझी ड्यूटी सातला सुटते. थेट तिथेच येते. मलमपट्टीची पेटी माझ्याकडे आहे.