रोजचा राहुकाळ बघायला काय घ्यावं? (सोलापूरच्या वेळा, बजेट १५०)

चटणीवाली_सून: नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं छोटं दुकान आहे, साडेआठला उघडतं. सासूबाई राहुकाळात (रोजची दीडएक तासाची अशुभ मानलेली वेळ) भवानी, म्हणजे पहिली विक्री, करू देत नाहीत, त्यामुळे सोमवारी नऊ वाजेपर्यंत गिऱ्हाईक उभं आणि मी पैसे घ्यायची थांबलेली. वेळ पाळायला माझी ना नाही, मलाही त्यात बरं वाटतं, फक्त ती नक्की कळायला हवी. पंचांग, कॅलेंडर, ॲप काहीही चालेल. अक्षर मोठं पाहिजे, १५० च्या आत.

नवीपेठ७२: दाते पंचांग घ्या, विषय संपला. आपल्या सोलापुरातूनच निघतं आणि लोक बाहेर शोधत बसतात! आमच्याकडे आजोबांपासून तेच आहे. अक्षर बारीक आहे पण भिंग मिळतं की ओ.

गिरणीचा_भोंगा: कालनिर्णय. १९७३ पासून निघतंय, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात तोच खिळा. मागच्या पानावर पाककृती पण असतात.

नवीपेठ७२: त्या पाककृती विचारताहेत का ताई?

विजापूररोडकर: ॲप घेताना गाव तपासा. माझ्या फोनमधे दिल्ली लागलेलं होतं, मला पत्ताच नाही, वेळ बघून शोरूममधे गेलो, सह्या केल्या, घरी आल्यावर भावाने दाखवलं की आपल्याकडे तेव्हा राहुकाळ चालूच होता. आठवड्यात क्लच गेला. आता पैसे भरून वर्षाचं घेतलंय, हजाराच्या वर गेले पण जाहिराती येत नाहीत. तेच घ्या.

साखरपेठ_अक्का: आमच्या तेलुगू घरात नुसता राहुकाळ बघून भागत नाही, वर्ज्यम आणि दुर्मुहूर्तम या टाळायच्या वेळा पण बघतात. तेलुगू कॅलेंडर घ्या, सगळं रोजच्या चौकोनात असतं. वाचायला शेजारी कुणीतरी भेटेलच.

धोंडोपंत४: मुळात आपल्यात राहुकाळ कधी होता? आमच्या लहानपणी साडेतीन मुहूर्त, अमावस्या आणि लग्नकार्याला भद्रा ही अशुभ वेळ, एवढंच बघायचे. हे दक्षिणेतनं आलेलं आहे.

साखरपेठ_अक्का: दक्षिणेतनं आलं म्हणजे काय? सोलापुरात निम्मी गल्ली तेलुगू नाहीतर कन्नड बोलते, आम्ही काय पाहुणे आहोत का?

मार्केटयार्ड_हिशेब: आमचे शेठ चौघडिया बघतात, म्हणजे दिवसाचे आठ भाग, प्रत्येकाला शुभ-अशुभ नाव. सोमवारी सूर्योदयाला अमृत, मग काळ, मग शुभ. तो दुसरा काळ म्हणजे तुमचा राहुकाळाचाच तुकडा, दोन्हीकडनं तोच वर्ज्य! वीस वर्षं बघतोय, शुभ लागल्याशिवाय गल्ला उघडत नाहीत.

धोंडोपंत४: अभिजित मुहूर्तावर सुरू करा, बुधवार सोडून रोज चालतो.

विजापूररोडकर: अभिजित ऐन दुपारी येतो काका, सकाळच्या भाकऱ्या तोवर कोण ठेवणार?

फळा_खडू: ताई, घोळ वेगळाच आहे. सोमवारी साडेसात ते नऊ हा पाठ सहाला सूर्योदय आणि सहाला सूर्यास्त धरून केलेला आहे. खरी रीत अशी: सूर्योदय ते सूर्यास्त जेवढा वेळ, त्याचे आठ भाग. सोमवारी दुसरा भाग, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. जानेवारीत ७ ला सूर्योदय आणि ६:०८ ला सूर्यास्त धरला तर एक भाग साडेत्र्याऐंशी मिनिटांचा, म्हणजे सोमवारचा राहुकाळ ८:२३ ते ९:४७. तुम्ही नऊला निर्धास्त होऊन भवानी करताय ती बरोबर राहुकाळातच. जूनमधे दिवस तेरा तासांच्या वर जातो, तेव्हा साधारण ७:३२ ते ९:१० येतो. आणि मुंबईचा सूर्योदय आपल्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं उशिरा असतो, त्या वेळा इथे लावू नका.

गिरणीचा_भोंगा: म्हणजे मी म्हटलं तेच, कालनिर्णय बघायचं.

नवीपेठ७२: दाते!!

चटणीवाली_सून: सगळ्यांचे आभार. फळा_खडू सरांचं वाचून दाखवलं तर सासूबाई दोन मिनिटं गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, इतकी वर्षं चुकीच्या वेळी केलं होय, देवाने सांभाळून घेतलं. काहीच विकत घेत नाहीये. मुलगी आठवीत आहे, ती सोलापूरचा सूर्योदय-सूर्यास्त बघून रोज रात्री भागाकार करते आणि गल्ल्याच्या वरच्या फळ्यावर खडूने मोठं लिहिते. जानेवारीत सोमवारी आठलाच शटर उघडणार, पहिली भवानी सव्वाआठच्या आत. उन्हाळ्यात सव्वासातला.

साखरपेठ_अक्का: वर्ज्यम राहिलं की ओ तुमचं.

विजापूररोडकर: फळ्यापेक्षा ॲप बरं, पण गाव तपासा.