वाचनालयाची छायाचित्रे, ‘ना हरकत’ पत्र आणि विकिपीडिया

प्रेषक : समन्वयक, ग्रंथालय समिती
प्रति : मंडळाची सर्वसाधारण यादी
विषय : वाचनालयाच्या छायाचित्रांची परवानगी

सप्रेम नमस्कार,

कोकणातल्या माझ्या माहेरगावच्या सार्वजनिक वाचनालयावर मराठी विकिपीडियात सविस्तर लेख लिहावा, असे अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या ग्रंथालय समितीच्या जानेवारीतील बैठकीत ठरले होते. लेखाचा मजकूर पूर्ण झाला आहे, पण काम अडले आहे ते छायाचित्रांपाशी. तेथील ग्रंथपालांनी मोठ्या आपुलकीने चार छायाचित्रे पाठवली आहेत आणि सोबत संस्थेच्या लेटरहेडवर एका ओळीचे पत्रही दिले आहे : ‘आमच्या संस्थेची छायाचित्रे विकिपीडियावर वापरण्यास आमची हरकत नाही.’ पत्रावर कार्यवाहांची सही आहे आणि संस्थेचा गोल शिक्काही आहे.

पहिले छायाचित्र जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या कार्यकारी मंडळाचे आहे. ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असून उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव ठशाने उठवलेले आहे आणि मागे पेन्सिलीने ‘कार्तिक, शके १८५६’ असे लिहिले आहे. हेच छायाचित्र संस्थेच्या १९३५ च्या वार्षिक अहवालात छापलेले आढळते. दुसरे १९७२ च्या सुवर्णमहोत्सवाचे आहे आणि त्याच वर्षीच्या स्मरणिकेत आले होते. तिसरे सभागृहात लावलेल्या संस्थापकांच्या तैलचित्राचे, ग्रंथपालांनी मोबाइलवर टिपलेले. चौथ्यात जुन्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे टेबलावर मांडून दाखवली आहेत आणि त्यांतील तीन दीनानाथ दलालांची आहेत. याखेरीज आजच्या इमारतीचे एक छायाचित्र मी स्वतः गेल्या डिसेंबरात काढले आहे.

गेल्या वर्षी आपण दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाची अकरा छायाचित्रे चढवली होती आणि ती सगळी आठवडाभरात काढून टाकण्यात आली, हे आपल्याला आठवत असेल. या वेळी तसे होऊ नये, आणि मुख्य म्हणजे त्या वाचनालयाच्या विश्वासाला तडा जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. काका, तुम्ही कार्यवाह असताना अशा परवानग्यांचे काम पाहत होता, म्हणून विचारते : एवढे पत्र पुरेसे आहे का?

आपली,
समन्वयक


प्रेषक : माजी कार्यवाह
प्रति : मंडळाची सर्वसाधारण यादी
विषय : उत्तर – वाचनालयाच्या छायाचित्रांची परवानगी

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र पुरेसे नाही. मात्र त्यात ग्रंथपालांची काही चूक नाही. आपण त्यांना काय लिहून हवे आहे, हेच नीट सांगितले नव्हते.

विकिपीडियावर दिसणारी बहुतेक छायाचित्रे प्रत्यक्षात विकिमीडिया कॉमन्स या सामाईक साठ्यात ठेवलेली असतात आणि तेथील मूळ अट अशी आहे की ते छायाचित्र जगातल्या कोणालाही, कोणत्याही कामासाठी, व्यापारी कामासाठीसुद्धा, वापरता आणि बदलता आले पाहिजे. ‘विकिपीडियावर वापरण्यास हरकत नाही’ या वाक्यातून फक्त विकिपीडियालाच मुभा मिळते; उद्या एखाद्या प्रकाशकाला ते पाठ्यपुस्तकात छापायचे झाले तर त्याला काही मिळत नाही. म्हणून अशी मर्यादित परवानगी तेथे स्वीकारली जात नाही. ‘अव्यापारी वापरासाठी’ अशी अट घातलेली परवानगीही चालत नाही. आपली अकरा छायाचित्रे गेली त्याचे एक कारण हे होते. दुसरे कारण असे की, चढवताना आपण सर्वांपुढे ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ हा पर्याय निवडला होता, वास्तविक त्यांतली निम्मी दुसऱ्यांनी काढलेली आणि व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली होती.

पण ‘ना हरकत’ देणाऱ्याकडे मुळात देण्याजोगा हक्क आहे का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कपाटात छायाचित्र असणे आणि त्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कुणाचे पत्र आले तर कागद आपला असतो, पण मजकूर लिहिणाऱ्याचा राहतो. छायाचित्राचेही तसेच आहे. त्यामुळे प्रत्येक छायाचित्राचा निवाडा स्वतंत्रपणे करावा लागेल.

शके १८५६ चा कार्तिक म्हणजे १९३४ चा नोव्हेंबर-डिसेंबर. त्या काळी हिंदुस्थानात १९११ चा ब्रिटिश कायदा लागू होता आणि त्यानुसार छायाचित्राचे संरक्षण मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे चालत असे. आपला १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला. त्याआधी काढलेल्या छायाचित्रांना कॉमन्सवर हाच ५० वर्षांचा हिशेब लावतात. म्हणजे हे छायाचित्र भारतात १९८४ च्या सुमारास स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. कॉमन्सचे सर्व्हर अमेरिकेत असल्यामुळे अमेरिकेचा कायदाही पाहावा लागतो. परदेशातील ज्या प्रकाशित कृतींचे संरक्षण त्यांच्या मायदेशी १ जानेवारी १९९६ रोजी शिल्लक होते, त्यांना अमेरिकेने त्या दिवसापासून नव्याने संरक्षण दिले. आपले छायाचित्र १९३५ मध्ये छापले गेले आणि १९९६ पूर्वीच भारतात मुक्त झाले होते, म्हणून तेथेही अडचण नाही. याला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. मात्र पुठ्ठ्यावरील स्टुडिओचे नाव, मागची पेन्सिलीची नोंद आणि अहवालाचे पान यांचे स्कॅन सोबत चढवा. तारखेचा पुरावा तोच आहे.

ज्यांनी हे स्कॅन केले त्यांचा काही हक्क निर्माण होतो का, असे कोणी विचारील. अमेरिकेत ब्रिजमन आर्ट लायब्ररी विरुद्ध कोरेल या १९९९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले आहे की, मुक्त झालेल्या सपाट चित्राची जशीच्या तशी प्रतिमा घेतल्याने नवा स्वामित्वहक्क उत्पन्न होत नाही. ब्रिटनमध्ये यावर बराच वाद झाला. २००९ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आपल्या संकेतस्थळावरील तीन हजारांहून अधिक प्रतिमा कॉमन्सवर चढवणाऱ्या एका स्वयंसेवकाला वकिलामार्फत पत्र पाठवले होते. आपल्या कामात हक्काचा प्रश्न नसला तरी ऋणनिर्देश आवर्जून करावा, असे माझे ठाम मत आहे. वर्णनात ‘स्कॅन : अमुक वाचनालयाच्या सौजन्याने’ एवढे लिहायला आपल्याला काहीच पडत नाही आणि तिकडे धूळ झटकून तो पुठ्ठा बाहेर काढणाऱ्या माणसाला त्याचे मोल असते.

१९७२ च्या छायाचित्राची गोष्ट वेगळी आहे. प्रकाशित छायाचित्रांची मुदत १९५७ च्या कायद्यात प्रकाशनापासून ५० वर्षे होती. १९९२ मध्ये ती ६० झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांचे स्वतंत्र कलमच निघाले, त्यामुळे आता छायाचित्रकाराचे आयुष्य आणि पुढे ६० वर्षे असा हिशेब होतो. अमेरिकेत ते प्रकाशनानंतर ९५ वर्षे, म्हणजे २०६७ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तेव्हा येथे परवाना लागणारच. तो कोणाकडून घ्यायचा, हे भारतीय कायद्याच्या सतराव्या कलमावर ठरते : मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा असतो. तेव्हा वाचनालयाच्या १९७२ च्या किर्दीत छायाचित्रकाराला पैसे दिल्याची नोंद आहे का, ते पाहायला सांगा. (आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना हे लागू होत नाही, हे येथेच सांगून ठेवतो. अमेरिकेत लेखी करार नसेल तर बाहेरून बोलावलेल्या छायाचित्रकाराकडेच हक्क राहतो, मग आपण त्याचे बिल चुकते केलेले असले तरी.)

तैलचित्र कोणी काढून घेतले आणि चित्रकार कधी वारले, हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दलालांची मुखपृष्ठे मात्र आज घेऊ नयेत. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे भारतात त्यांच्या चित्रांचे संरक्षण २०३१ अखेरपर्यंत आहे आणि तो हक्क वाचनालयाकडे असण्याचा संभव नाही. त्याऐवजी कपाटांच्या रांगा आणि पुस्तकांच्या पाठी दिसतील असे छायाचित्र ग्रंथपालांकडून मागवा. तुम्ही स्वतः काढलेले इमारतीचे छायाचित्र निःशंकपणे चढवा. वास्तूचे छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करायला भारतीय कायद्याच्या बावन्नाव्या कलमात स्पष्ट मुभा आहे.

आपल्या शेजारीच, डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या डीगोलियर ग्रंथालयात, विल्यम जॉन्सनने १८५०-६० च्या दशकांत काढलेली मुंबई आणि पश्चिम भारताची छायाचित्रे आहेत. ग्रंथालयाने ती स्वतःहून जालावर खुली केली आणि त्यामुळे त्या काळची मुंबई आज कोणत्याही शाळकरी मुलाला पाहता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला, तेव्हा तिच्या संकेतस्थळावरील कितीतरी सेवा महिनोन्‌महिने बंद पडल्या होत्या. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर कोकणातल्या एका वाचनालयाच्या ओल धरणाऱ्या कपाटात एकुलती एक प्रत किती दिवस टिकणार, ही काळजी मला खरोखर वाटते. पण त्या काळजीपोटी दुसऱ्याचा हक्क डावलून चालणार नाही.

आपला,
माजी कार्यवाह


प्रेषक : समन्वयक, ग्रंथालय समिती
प्रति : मंडळाची सर्वसाधारण यादी
विषय : उत्तर – किर्दीतील नोंद आणि पितळी पट्टी

आदरणीय काका,

तुमचे पत्र ग्रंथपालांना वाचून दाखवले. दोन दिवसांनी त्यांनी किर्दीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यात फेब्रुवारी १९७२ मध्ये ‘सुवर्णमहोत्सव फोटो, प्रती व निगेटिव्हसह, रु. १२५’ अशी नोंद असून व्हाउचर क्रमांकही आहे. निगेटिव्ह आता सापडत नाही, पण पैसे दिल्याचा आणि काम सांगून करून घेतल्याचा हा पुरावा मला स्पष्ट वाटतो. छायाचित्रकाराशी वेगळा करार झाल्याचा कागद दप्तरात नाही.

तैलचित्राच्या चौकटीखाली पितळी पट्टी आहे, ती पूर्वी आमच्यापैकी कोणीच नीट वाचली नव्हती. संस्थापकांच्या नातवांनी १९६१ मध्ये चित्र करवून घेऊन वाचनालयाला सप्रेम भेट दिल्याचे तिच्यावर कोरले आहे. चित्रकार १९८१ मध्ये वारले. माझ्या समजुतीप्रमाणे हा हक्क वाचनालयाकडे नाही, चित्रकाराच्या वारसांकडेही नाही, तर चित्र करवून घेणाऱ्या नातवांच्या घराण्याकडे आहे. हे बरोबर आहे का?

ग्रंथपालांनी आणखी एक शंका कळवली आहे आणि ती मला रास्त वाटते. त्यांच्या कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे : ‘आमच्या महोत्सवाच्या फोटोवर उद्या कोणी कॅलेंडर छापून पैसे कमावले, तर आम्ही काय करायचे?’ यावर त्यांना खरे उत्तर द्यायला हवे. परवान्याचा मसुदा कसा असावा, तेही कृपया लिहावे.

आपली,
समन्वयक


प्रेषक : माजी कार्यवाह
प्रति : मंडळाची सर्वसाधारण यादी
विषय : उत्तर – परवान्याचा मसुदा

ताई,

तैलचित्राबाबत तुमचा निष्कर्ष बरोबर आहे. सतरावे कलम मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्रालाही लागू होते. भेट दिली ती चौकट आणि कॅनव्हास. हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. संरक्षणाची मुदत मात्र चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजायची, म्हणजे भारतात २०४१ अखेरपर्यंत. त्या घराण्यातील मंडळींना ग्रंथपालांनी स्वतः जाऊन विचारावे. तोपर्यंत लेख तैलचित्राविना प्रसिद्ध करू.

ज्येष्ठ सभासदांना सरळ सांगावे की, होय, कॅलेंडर छापता येईल. छापणाऱ्याला वाचनालयाचे नाव द्यावे लागेल आणि छायाचित्रात बदल केला असेल तर बदललेली प्रतही त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागेल, पण वाचनालयाला त्याच्याकडे पैसे मागता येणार नाहीत आणि एकदा दिलेला परवाना परतही घेता येणार नाही. स्वामित्वहक्क वाचनालयाकडेच राहतो आणि मूळ छायाचित्र त्यांना हवे तसे वापरता येते. हे सगळे ऐकून कार्यकारिणीने नकार दिला, तर तो आनंदाने मान्य करावा; आपण आग्रह धरू नये.

होकार मिळाल्यास आधी कार्यकारिणीच्या सभेत ठराव व्हावा, त्यावर सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात यावीत आणि मग पुढील मजकूर संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहावा :

‘सन १९७२ च्या सुवर्णमहोत्सवाचे सोबत जोडलेले छायाचित्र आमच्या संस्थेने मोबदला देऊन काढून घेतले असून त्याचा स्वामित्वहक्क आमच्या संस्थेकडे आहे. कार्यकारिणीच्या ठरावानुसार आम्ही ते क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० आंतरराष्ट्रीय या परवान्याखाली प्रसिद्ध करण्यास संमती देत आहोत. या परवान्यानुसार कोणीही हे छायाचित्र, व्यापारी कामासाठीसुद्धा, वापरू व बदलू शकेल आणि ही संमती मागे घेता येणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. छायाचित्रासोबत आमच्या संस्थेचे नाव नमूद केले जावे.’

खाली अध्यक्ष किंवा कार्यवाह यांचे नाव, पद, सही आणि दिनांक असावा. हे पत्र आपण पुढे पाठवू नये. वाचनालयाने आपल्या अधिकृत ईमेलवरून थेट कॉमन्सच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवक चमूला पाठवावे आणि त्यात चढवलेल्या फाइलचा दुवा द्यावा. किर्दीच्या पानाची प्रत सोबत जोडावी. तपासणी झाली की फाइलच्या पानावर तिकीट क्रमांक लागतो. तो आपल्या समितीच्या नोंदवहीत आणि वाचनालयाच्या दप्तरात, दोन्हीकडे उतरवून ठेवा, कारण पाच वर्षांनी त्या पदांवर दुसरी माणसे असतील.

१९३४ चे छायाचित्र आणि तुमचे इमारतीचे छायाचित्र येत्या शनिवारी चढवू. पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींपैकी ज्यांची नावे अहवालात दिली आहेत, ती डावीकडून उजवीकडे याच क्रमाने वर्णनात लिहा. दुसऱ्या रांगेतील टोपी हातात धरलेल्या गृहस्थांचे नाव अहवालात नसेल, तर ग्रंथपालांनी गावातल्या वयस्कर सभासदांना तो पुठ्ठा दाखवून विचारावे. तसे विचारायला माणसे अजून आहेत.

आपला,
माजी कार्यवाह